किट घ्यावं की वायरिंग हातानं बांधावं? डिचोलीच्या एका ॲम्बेसेडरचं प्रकरण

गाडी आणि मागणी

गाडी १९६६ची ॲम्बेसेडर मार्क टू. नंबरप्लेट अजून जुन्या जीडी मालिकेतली, गोवा राज्य होण्याच्या आधीची. खाणी जोरात होत्या तेव्हा मालकाच्या आजोबांनी ती वापरली, पुढे ती डिचोलीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. नातू वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्यानं ती बाहेर काढली ती जुन्या थाटात मिरवायला नाही, तिची हॉट रॉड करायला, म्हणजे जुन्या बॉडीत नवं जोरदार इंजिन घालून रूप पालटायला. बंपर काढलेले, बूड खाली बसवलेलं, बॉनेटच्या बाजू उघड्या, आत बकेट सीट, आणि मूळच्या १४८९ सीसी इंजिनाच्या जागी नव्वदच्या दशकातल्या ॲम्बेसेडर १८०० आयएसझेडचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन, त्याच्याच पाच गिअरच्या बॉक्ससकट. बॉडीचं आणि इंजिनाचं काम दुसऱ्या गॅरेजात झालं. आमच्याकडे म्हापशाला गाडी आली ती फक्त वायरिंगसाठी, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ती घरच्या अंगणात उभी दिसली पाहिजे या अटीवर.

कागदपत्रांचं आधी उरकतो, कारण दर दुसरा माणूस तेच विचारतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. इंजिन बदललं की आरसी बदलते, त्यामुळे आधी आरटीओची परवानगी, मग पाना. मालकानं ते रीतसर केलं होतं. त्यात त्यानं एक गोष्ट गमावली. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेल्या गाडीला ती मिळत नाही. वायरिंगचा त्यात उल्लेख नाही. म्हणून ज्यांना जुनी गाडी मूळ रूपात राखायची आहे त्यांनी जळकं वायरिंग ‘ओरिजिनल’ म्हणून कवटाळून बसू नये.

मालक आला तो अमेरिकेतल्या एका वायरिंग किटचं पान छापून घेऊनच. २१ सर्किटं, रंगीत वायरी, प्रत्येक वायरीवर नाव छापलेलं, फ्यूज बॉक्स जोडून तयार. “काका, हे मागवलं तर तुमचं काम निम्म्यावर येईल ना?” आमचे मेस्त्री, जे माझ्याही आधीपासून या धंद्यात आहेत, त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “ह्यात ब्रेक लाइटची वायर कुठे जाते बघितलंस?” निकाल बऱ्याच अंशी त्या प्रश्नातच होता, पण तिथपर्यंत पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

आतून काय निघालं

डॅशबोर्डच्या मागे हात घातल्यावर जे बाहेर आलं ते बघण्यासारखं होतं. कापडी वेणीचं, लुकास या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं मूळ वायरिंग, ज्याचं रबर बोटानं दाबलं की भुगा होऊन गळत होतं. त्याला मधेच पिळा मारून जोडलेली घरगुती पिवळी वायर. फॉग लॅम्पला चाललेली स्पीकरची वायर. घराच्या भिंतीवर असतं तसलं खटक्याचं काळं बटण. आणि एका फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. अख्ख्या गाडीला फ्यूज दोनच, ३५ अँपिअरचे, आणि हेडलाइट त्या दोन्हींच्या बाहेर. हे काही कुणा वायरमनचं पाप नव्हे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटला फ्यूज न ठेवण्याचीच पद्धत होती, रात्री एका फ्यूजपायी अंधार नको म्हणून. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की हेडलाइटची वायर कुठे बॉडीला घासली तर थेट जळणार.

गाडीला पॉझिटिव्ह अर्थ होतं, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. (अर्थ म्हणजे अर्थिंग, बॉडीतून बॅटरीकडे जाणारी प्रवाहाची परतीची वाट.) नवं इंजिन आल्टरनेटरसकट, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रासकट, आलं होतं, तेव्हा निगेटिव्ह अर्थ करण्यावाचून इलाज नव्हता. आल्टरनेटरला उलटी बॅटरी लागली की त्यातले डायोड क्षणात जातात. डॅशवर मालकाला हवा असलेला जुना अँपिअर मीटरसुद्धा त्यामुळे उलटा जोडावा लागला असता. तो मीटर ३० अँपिअरचा. ६५ अँपिअरच्या आल्टरनेटरचा सगळा प्रवाह डॅशमधल्या त्या दोन नटांतून फिरवायचा म्हणजे गुडघ्यापाशी आग घेऊन बसायचं. आम्ही मीटर शोभेला ठेवला, जोडला नाही, आणि शेजारी छोटा व्होल्टमीटर दिला. मालक थोडा हिरमुसला.

जुनं वायरिंग काढण्याआधी एक मोजमाप घेऊन ठेवलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना हेडलाइटच्या बल्बाच्या पायावर १०.९ व्होल्ट. मधले पावणेदोन व्होल्ट जुना स्विच, डिपर आणि अर्थच्या गंजानं खाल्ले. तारेच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी वेगानं उतरतो. एवढ्या घटीला प्रकाश जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होतो. ‘जुन्या गाड्यांचे लाइट मंदच असतात’ असं लोक म्हणतात ते यामुळे. बल्बाचा त्यात दोष नसतो.

आधी यादी, मग खरेदी

किट की हाताचं, या वादात उतरण्याआधी आम्ही गाडीवर काय काय चालणार ते कागदावर मांडलं. हे काम दोन्ही वाटांना सारखंच लागतं आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात. किट विकत घेतलं म्हणजे विचारही विकत मिळाला असं त्यांना वाटतं.

लो बीम ५५ वॅटचे दोन, म्हणजे साधारण ९ अँपिअर. पार्किंग, टेल, नंबरप्लेट आणि मीटरचे दिवे मिळून ३. वायपर ५. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा १२. इलेक्ट्रिक पेट्रोल पंप ४, इग्निशन ५, म्युझिक सिस्टीम ४. जुलैतल्या रात्री चोर्ला घाट चढताना हे सगळं एकाच वेळी चालू असतं: बेरीज ४२ अँपिअर. हॉर्न, ब्रेक आणि इंडिकेटर अधूनमधून, त्यामुळे ते वेगळे. मूळ गाडीत आल्टरनेटरच्या जागी असलेला डायनॅमो वीसेक अँपिअर देणारा. म्हणजे इंजिन बदललं नसतं तरी या यादीपुढे त्यानं हात टेकले असते. ६५ अँपिअरचा आल्टरनेटर पुरतो, पण सिग्नलला गाडी नुसती गुरगुरत असते तेव्हा तोही पूर्ण प्रवाह देत नाही, हे लक्षात ठेवून पंख्याचा सेन्सर निवडावा लागतो.

या यादीत तीन गोष्टी अशा निघाल्या ज्या कुठल्याही सार्वत्रिक किटमध्ये नावानिशी नसतात. कार्ब्युरेटरवरचा आयडल कट-ऑफ सोलेनॉइड, ज्याला चावी बंद केल्याबरोबर वीज तुटलीच पाहिजे, नाहीतर इंजिन बंद केल्यावरही धडधडत राहतं. पेट्रोल पंपाचा इनर्शिया स्विच, जो धडक बसली की पंप आपोआप बंद करतो. आणि डिकीत नेलेली बॅटरी.

किटच्या बाजूनं

किटला मी नावं ठेवणार नाही. हॉट रॉडचा छंद वाढला कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तलावांवर, १९३२च्या फोर्डसारख्या सहा व्होल्टच्या गाड्यांत नवी इंजिनं घालून. बॉडी एकीची, इंजिन दुसरीचं, स्टिअरिंग तिसरीचं अशा गाडीला कुठल्याच कंपनीचं तयार वायरिंग बसत नाही. त्या गरजेतून पेनलेस परफॉर्मन्स, अमेरिकन ऑटोवायर यांच्यासारख्या कंपन्यांची किटं आली. त्यातली वायर चांगल्या प्रतीची असते, क्रॉसलिंक्ड इन्शुलेशनची, १२५ अंश सेल्सिअसला टिकणारी. आपल्याकडे गॅरेजात सर्रास वापरली जाणारी घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांची. इंजिनाच्या बाजूला हा फरक दोन उन्हाळ्यांत दिसतो.

त्याहून मोठा गुण म्हणजे वायरीवर दर काही इंचांवर छापलेलं नाव. टेललाइट, लेफ्ट टर्न, फॅन. काळोखात टॉर्च दाताखाली धरून डॅशखाली आडवं पडलेल्या माणसाला याची किंमत विचारा. रंगही ठरलेले: जनरल मोटर्सच्या पद्धतीप्रमाणे तपकिरी टेलला, गुलाबी इग्निशनला, जांभळी सेल्फला. फ्यूज साधे ब्लेडचे, जे इथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. वायरी हव्यापेक्षा लांब येतात आणि आपण कापून बसवतो, त्यामुळे आपलं स्टिअरिंग उजवीकडे असणं ही मोठी अडचण नाही. लोकांना आधी तीच वाटते.

अडतं कुठे

मेस्त्रींचा प्रश्न असा होता. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांत मागे ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच असतो, तोच लाल बल्ब. ब्रेक स्विचची वायर त्यामुळे थेट मागे जात नाही. ती आधी स्टिअरिंगवरच्या इंडिकेटर स्विचमध्ये जाते, आणि तिथून डावी-उजवी अशा दोन वायरी मागे निघतात, ज्या ब्रेक आणि वळण दोन्ही कामं करतात. बहुतेक सार्वत्रिक किटं याच रचनेवर बांधलेली असतात आणि त्यांचा प्लग जनरल मोटर्सच्या स्टिअरिंग कॉलमचा असतो.

आपल्याकडे इंडिकेटर केशरी रंगाचा आणि ब्रेकपासून वेगळा. आपला स्टिअरिंगवरचा कॉम्बी स्विच ब्रेकची वायर हातात घेतच नाही. म्हणजे किटची सगळी मागची बाजू, जो त्यातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात किचकट भाग असतो, ती उकलून नव्यानं बांधायची. छापलेल्या नावांचा फायदा तिथेच संपतो: ‘लेफ्ट टर्न-स्टॉप’ असं लिहिलेली वायर नुसती इंडिकेटरला लागते आणि ब्रेकला बिननावाची वेगळी वायर ओढावी लागते. चुकीचं नाव लिहिलेली वायर ही बिननावाच्या वायरीपेक्षा घातक. पुढच्या माणसानं त्या नावावर विश्वास ठेवलेला असतो.

आल्टरनेटरचा प्लगही तसाच, डेल्को आल्टरनेटरच्या मापाचा. आमच्याकडचा आल्टरनेटर बी-प्लस (बॅटरीकडे जाणारं मुख्य टोक) आणि चार्जिंग लॅम्पची टोकं वेगळी असणारा. तो प्लग कापून टाकायचा. कॉलमचा प्लग कापायचा. अमेरिकन चावीच्या स्विचची टोकं कापायची. पंपाची वायर चावीला सरळ जोडलेली, तिच्यात इनर्शिया स्विच घालायला पुन्हा कापायची. शेवटी किटमधलं शाबूत काय राहतं ते आम्ही मोजलं: फ्यूज बॉक्स, त्याच्या रिले (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच), आणि चांगल्या प्रतीची वायर. एवढ्यासाठी नावाजलेल्या किटचे चारशे ते सातशे डॉलर, वर विमानाचं भाडं आणि कस्टम ड्युटी.

स्वस्त किटं दोनशेच्या आसपासही मिळतात. पण स्वस्त किट घ्यायचं कारण काय, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. किटचा मुख्य गुण वायरीची प्रत. तीच कमी केली तर उरतं काय?

तिसरी वाटही होती: ॲम्बेसेडरचं तयार देशी हार्नेस, म्हणजे मापाप्रमाणे बांधून आलेला वायरींचा जुडगा. दिल्लीच्या काश्मीरी गेटला किंवा मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजूला चौकशी केली की मिळून जातं, आणि मूळ रूपातल्या गाडीला मी डोळे मिटून तेच सुचवीन. या गाडीला नाही. त्यात इलेक्ट्रिक पंखा नाही, पंप नाही, आणि बॅटरी बॉनेटखालीच धरलेली.

निर्णय

आम्ही मालकाला एकच गोष्ट विचारली. ही गाडी गोव्याबाहेर, रात्री, पावसात बंद पडली तर तिला हात कोण लावणार? तो म्हणाला, “जो भेटेल तो.” मग वायरिंग त्या ‘जो भेटेल त्या’ला समजलं पाहिजे. सावंतवाडीच्या किंवा खानापूरच्या वायरमनला जनरल मोटर्सचे रंग माहीत असण्याचं कारण नाही. त्याला चौकोनी चार पायांची रिले माहीत आहे, ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे माहीत आहेत, आणि मारुतीचा फ्यूज बॉक्स तो झोपेत उघडतो.

म्हणून वायरिंग हातानं बांधायचं ठरलं, पण किटची शिस्त ठेवून. सगळे फ्यूज आणि रिले एका जागी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आणि मधे मधे छापील क्रमांकाची स्लीव्ह. आणि आकृती आधी, वायर नंतर. रंग मात्र आम्ही लुकास पद्धतीचे ठेवले, कारण ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या प्रत्येक जुन्या कारागिराला ते पाठ आहेत: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चावीची, हिरवी चावीनंतर फ्यूज होऊन आलेली, काळी अर्थ.

मालकाचा आणि आमचा खटका उडाला तो वेगळ्याच गोष्टीवर. त्याला बॉनेटखाली एकही वायर दिसायला नको होती. हॉट रॉडवाल्यांची ही आवड मला समजते, इंजिन उघडं ठेवायचं तर त्यावर वायरींचं जाळं शोभत नाही. पण तो फ्यूज बॉक्सही मडगार्डच्या आतल्या पोकळीत लपवा म्हणू लागला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ती पोकळी म्हणजे चाकानं उडवलेल्या पाण्याची आणि लाल मातीची वाट. मी ठाम नाही म्हणालो. बॉक्स ग्लोव्ह बॉक्सच्या मागे गेला, चार स्क्रू काढले की मांडीवर येईल असा. बॉनेटखालच्या वायरी मात्र आम्ही त्याच्या मनासारख्या चॅसिसच्या कडेनं लपवल्या.

दोन ठिकाणचं गणित

वायर किती जाड घ्यायची हे अंदाजानं ठरवतात ते पंख्याच्या बाबतीत फसतं. बॉक्सपासून पंख्यापर्यंत चार मीटर धरा, प्रवाह १२ अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.६४ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचच्या वायरीत ०.३८. चालू होताना पंखा काही क्षण दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतो, तेव्हा ही घटही तेवढीच वाढते. आम्ही अडीचची वायर, २० अँपिअरचा फ्यूज आणि पंख्याजवळच अर्थ, असं केलं. फ्यूज पंख्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. फ्यूज उडतोय म्हणून मोठा घालणाऱ्यांना हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

बॅटरी डिकीत नेल्यावर सेल्फची केबल चार मीटरची झाली. सेल्फ मारताना २०० अँपिअर धरले तर २५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ०.६ व्होल्ट जातात, ५०च्या केबलमध्ये त्याच्या निम्मे. ५०ची टाकली. ती महाग असते आणि वाकवताना मनगट दुखतं, पण थंड सकाळी फरक कळतो. बॅटरीपासून हातभर अंतरावर कट-ऑफ स्विच, केबल पत्र्यातून जाते तिथे जाड रबरी ग्रॉमेट, आणि डिकीत बॅटरीच्या वायूला बाहेर जायला नळी. पुढे इंजिन ते बॉडी वेणीची वेगळी अर्थ पट्टी. किट आणा की हातानं बांधा, अर्थ कुणी आयतं देत नाही. आणि वायरिंगच्या निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात.

हेडलाइटला हाय आणि लो अशा दोन रिले दिल्या, आणि डाव्या-उजव्या बल्बांना वेगळे फ्यूज. घाटात एक फ्यूज उडाला तरी दुसरा डोळा उघडा राहतो. जुन्या स्विचवर आता फक्त रिलेच्या कॉइलचा प्रवाह, अँपिअरचा अंशभर. नव्या वायरिंगवर बल्बाच्या पायाशी १२.३ व्होल्ट मिळाले, बॅटरी तशीच १२.६ असताना. बल्ब तेच जुने.

चार्जिंगच्या दिव्याला मालकानं नाजूक एलईडी आणला होता. तो आम्ही बाजूला ठेवून साधा २.२ वॅटचा बल्ब घातला. त्या बल्बातून जाणाऱ्या प्रवाहानंच आल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही, आणि मग गाडी चालू होऊनही जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. अशा ‘खराब’ आल्टरनेटरवर लोक फुकट पैसे खर्च करतात.

बांधणी

वायर आयएसओ ६७२२ या गाड्यांच्या वायरींच्या मानकाच्या मापाची, इंजिनाच्या बाजूला क्लास सी म्हणजे १२५ अंशांची, मागे क्लास बी चालते. टोकांना सोल्डर नाही, क्रिंप, म्हणजे धातूचं टोक (लग) पकडीनं दाबून बसवलेलं. यावर मेस्त्रींचं आणि माझं जुनं भांडण आहे. डाग दिलेला जोड मजबूत हे त्यांचं म्हणणं बरोबर, पण कथील वायरीच्या धाग्यांत वर चढतं, तिथे वायर कडक होते, आणि हादऱ्यांनी नेमकी त्या कडक भागाच्या शेवटाला तुटते. या वेळी ते मान्य झाले, कारण मी रॅचेटची नवी पक्कड आणली होती आणि ती त्यांना आवडली. पक्कड चांगली असेल तर धागे एकजीव दाबले जातात, वायर ओढून पाहिली तर लग हलत नाही. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह. समुद्राची खारी हवा तांब्याला हिरवं करते, आणि ती साध्या स्लीव्हच्या तोंडातून आत शिरते. गोंदाची स्लीव्ह ते तोंड बंद करते.

पहिल्यांदा वीज सोडताना मेस्त्री बॅटरीची केबल सरळ लावत नाहीत. मायनसच्या वाटेत २१ वॅटचा बल्ब घालतात. सगळे फ्यूज काढलेले. मग एकेक फ्यूज बसवत जायचं. बल्ब मंद उजळला तर काहीतरी चालू आहे, लख्ख पेटला तर शॉर्ट. टेललाइटचा फ्यूज बसवला आणि बल्ब लख्ख पेटला. डाव्या टेललॅम्पच्या रबराखाली वायर चेपली होती, स्क्रू तिच्या इन्शुलेशनमधून आरपार. बल्ब नसता तर फ्यूज उडाला असता, एवढंच. 

चवथीला गाडी अंगणात होती. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभं राहून मालकाच्या आजीनं हॉर्न वाजवून बघायला लावला, तो मूळचाच हॉर्न आहे हे तिनं बरोबर ओळखलं.

पुढच्या पावसात

पुढच्या जुलैत मालक आंबोलीहून परतताना ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायला लागला. सावंतवाडीत एका वायरमननं ग्लोव्ह बॉक्समधली लॅमिनेट केलेली आकृती पाहिली, टेललॅम्पच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर लावला, तर १.८ व्होल्ट. ते पाव व्होल्टाच्याही आत असायला हवेत. डिकीच्या कोपऱ्यातला अर्थचा बोल्ट रंगावर गंजला होता. ब्रेकच्या प्रवाहाला परतीची वाट मिळेना, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बातून वाट काढत होता. बोल्ट घासला, खालचा रंग खरवडला, वर ग्रीस. तिथल्या तिथे काम झालं. मालकानं फोन केला तो फक्त कळवायला. तिन्ही मागच्या अर्थ आम्ही नंतर वेल्ड केलेल्या नव्या स्टडवर घेतल्या.

खर्चाचं म्हणाल तर वायर, रिले, फ्यूज बॉक्स, लग, स्लीव्ह, ५०ची केबल आणि कट-ऑफ धरून सामान किटच्या निम्म्याहूनही कमीत आलं. पण मेस्त्रींची आणि माझी मजुरी खऱ्या दरानं लावली तर बचत उरत नाही. स्वस्त पडतं म्हणून हातानं बांधायला जाणाऱ्यानं स्वतःचे तास फुकट धरलेले असतात.

किट कुणी घ्यावं तेही सांगतो. ज्याच्याकडे जुनी अमेरिकन गाडी आहे, म्हणजे पोर्तुगीज काळात गोव्यात आयात झालेल्या गाड्यांपैकी एखादी, आणि तिचं कॉलम व दिवे मूळ पद्धतीचे आहेत, त्यानं किटच घ्यावं. तिथे ते प्लग कापावे लागत नाहीत. ज्याला आकृती काढता येत नाही आणि काढून देणारा जवळ नाही, त्यानंही. हातानं बांधलेलं आणि आकृती नसलेलं वायरिंग मी दुसऱ्याच्या गाडीत पाहिलं की अंगावर काटा येतो. डिचोलीच्याच एका जीपवाल्यानं या ॲम्बेसेडरकडे बोट दाखवून तसंच करून मागितलं. त्याच्या जीपमध्ये मूळ डिझेल इंजिन, पंखा पट्ट्यावरचा, बदल काहीच नाही. त्याला तयार देशी हार्नेस घ्यायला लावलं.

ॲम्बेसेडरच्या बॉक्समध्ये दोन जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. मालकाला आता एसी हवा आहे. कंप्रेसरचा क्लच, आतला ब्लोअर आणि कंडेन्सरचा दुसरा पंखा मिळून आणखी वीस-पंचवीस अँपिअर, म्हणजे पावसाळी रात्रीची बेरीज ६५च्या घरात. फ्यूजच्या जागा आहेत, प्रवाह नाही. आधी आल्टरनेटर मोठा, मग बी-प्लसची केबल जाड, आणि एसीची वायर त्यानंतर. तेवढं ऐकून तो भाव विचारायला गेला आहे.